काही अडलं नाही

15 जानेवारी 2026 ला मी आयुष्यात पहिल्यांदा महापालिकेसाठी मत दिलं. प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं. बाहेर येऊन शाई लागलेल्या बोटाचा फोटो काढला आणि मग सहज हिशोब केला. नाशिक महापालिकेची याआधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. तेव्हा मला नुकतीच 18 पूर्ण झाली होती, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चालू होतं आणि मतदार यादीत नाव घालायचं डोक्यातही आलं नव्हतं. त्यानंतर मी पदवी घेतली, नोकरीला लागलो, नोकरी बदलली, कोविड आला आणि गेला. ‘तुझा नगरसेवक कोण असावा’ हे शहराने मला विचारलं तेव्हा मी 27 वर्षांचा होतो. जी गोष्ट पाच वर्षांनी व्हायची, ती जवळपास नऊ वर्षांनी झाली.

पुढच्या रविवारी आम्ही मित्र गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो होतो. निकालांवर चर्चा झाली, कोण कोणाला पाडलं यावर झाली, एका नेत्याला कोणीतरी ‘आपला सीझर’ म्हणून झालं. मग माझ्यासारखाच आयटीतला एक मित्र म्हणाला, “खरं सांगू का? गेली चार वर्षं नगरसेवक नव्हतेच की. काय अडलं आपलं?” टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो. तोंडात तर्रीत बुडवलेला पाव होता, ही सबब आहे. खरं कारण हे की माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं, कारण माझंही काही अडलं नव्हतं.

हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे. ते रोमवरून वळसा घेऊन येतं, कारण सीझरचा विषय त्याच टेबलावर निघाला होता आणि माझ्या मते आपण रोमचा इतिहास चुकीच्या ठिकाणी उघडून वाचतो.

महाराष्ट्रात राजकारणात काही मोठं घडलं की दोन रोमन शब्द हमखास बाहेर पडतात: ब्रूटस आणि रुबिकॉन. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले तेव्हा ब्रूटस निघाला. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा पुन्हा तोच. पाठीत खंजीर, मित्राचा घात, नदी ओलांडली, आता माघार नाही. रोमचं प्रजासत्ताक म्हणजे आपल्या लेखी एक मालिका: चांगले संवाद, पांढरे झगे, शेवटच्या भागात खून. ते वाचून आपल्याला इतिहास कळल्यासारखं वाटतं आणि बातम्या पाहताना आपण पुन्हा माणसंच मोजतो. कोण निष्ठावान, कोण गद्दार, कोणाकडे किती आमदार.

पण सीझर रुबिकॉन ओलांडून इटलीत शिरला तो इ.स.पू. 49 च्या जानेवारीत. प्रजासत्ताक त्याआधीच खिळखिळं झालं होतं, आणि ते झालं होतं एका अतिशय रटाळ गोष्टीमुळे. निवडणुका वेळेवर होईनाशा झाल्या होत्या.

आधी यंत्र समजून घेऊ. रोमच्या प्रजासत्ताकात सर्वोच्च पद कॉन्सलचं. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात, मुदत एक वर्ष. दोघांचा अधिकार सारखा आणि एकाने काढलेला हुकूम दुसरा थांबवू शकत असे. सामान्य प्रजेच्या वतीने दहा ट्रिब्यून असत, त्यांनाही नकाराधिकार. खरंच मोठं संकट आलं तर एका माणसाला हुकूमशहा नेमायची सोय होती, पण रूढ कमाल मुदत सहा महिने. एखादी यंत्रणा बांधताना इंजिनिअर जे प्रश्न विचारतो, एक भाग बिघडला तर काय आणि एकाच्या हातात सगळं गेलं तर काय, तेच त्यांनी विचारले होते. ही लोकशाही होती असं मी म्हणत नाही. कॉन्सल निवडताना श्रीमंतांच्या मताला वजन जास्त होतं, स्त्रियांना मत नव्हतं, गुलामांना तर काहीच नव्हतं. पण सत्तेला तारीख होती. इतकी की रोमन लोक वर्षाला आकडा न देता त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावं द्यायचे. अमुक आणि तमुक कॉन्सल असतानाचं वर्ष. म्हणजे निवडणूक झाली नाही तर त्या वर्षाला नावच नाही.

आणि तसं झालं. इ.स.पू. 54 मध्ये पुढच्या वर्षाच्या कॉन्सलपदासाठी चार उमेदवार होते आणि मतं विकत घेण्यासाठी इतका पैसा ओतला गेला की त्या जुलैत रोममधला व्याजदर वर्षाला सुमारे 4 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेला. सिसेरोच्या पत्रांत याची नोंद आहे. एवढ्यावर थांबलं नाही. मेमियस आणि डोमिशियस कॅल्विनस या दोन उमेदवारांनी त्या वर्षीच्या दोन्ही विद्यमान कॉन्सलांशी लेखी करार केला होता: आम्हाला निवडून यायला मदत करा, आम्ही तुम्हाला हवे ते प्रांत मिळावेत म्हणून खोटे साक्षीदार उभे करू. पुढे मेमियसने हा करार स्वतःच सिनेटमध्ये वाचून दाखवला. चारही उमेदवारांवर लाचलुचपतीचे खटले भरले गेले. निवडणूक पुढे ढकलली. मग पुन्हा. कधी शकुन वाईट निघाले, कधी ट्रिब्यूननी अडवली. इ.स.पू. 53 उजाडलं ते कॉन्सलांशिवाय, आणि वर्षाचे पहिले सहा-सात महिने तसेच गेले. शेवटी जे दोघे निवडून आले त्यातला एक कोण? डोमिशियस कॅल्विनस. त्या कराराचा भागीदार.

आता यातला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. निवडणूक रद्द केली असं कोणीही म्हटलं नाही. निवडणूक नको असंही कोणी म्हटलं नाही. प्रत्येक वेळी पुढे ढकलायला एक कारण होतं, आणि प्रत्येक कारण रोमच्या नियमांत बसत होतं.

इ.स.पू. 52 पुन्हा कॉन्सलांशिवायच सुरू झालं. 18 जानेवारीला ॲपियन मार्गावर क्लोडियस आणि मायलो या दोन राजकारण्यांच्या टोळ्या समोरासमोर आल्या आणि क्लोडियस मारला गेला. त्याचे समर्थक प्रेत घेऊन रोमच्या चौकात आले, सिनेटच्या सभागृहात घुसले, तिथल्याच बाकांची चिता रचली. प्रेताबरोबर सभागृहही जळालं. शहराला वाली नाही, कॉन्सल नाहीत, आणि लोक एका माणसाचं नाव घेऊ लागले: पॉम्पी. काम करून दाखवणारा माणूस. समुद्री चाच्यांचा त्याने काही महिन्यांत बंदोबस्त केला होता, रोमच्या धान्यपुरवठ्याची जबाबदारी सांभाळली होती.

‘हुकूमशहा’ हा शब्द बदनाम झाला होता, म्हणून सिनेटने एक नवं पद शोधलं: एकटा कॉन्सल. एकट्याची जुगलबंदी म्हणावी तसं. कॉन्सल या पदाचा सगळा अर्थच ते दोन असतात यात होता. आणि हा ठराव कोणी मांडला? बिब्युलसने, जो पॉम्पीचा जुना विरोधक. पाठिंबा कोणी दिला? केटोने, जो प्रजासत्ताकाचा सगळ्यात कडवा रखवालदार. त्याचा युक्तिवाद असा की अजिबात सरकार नसण्यापेक्षा कोणतंही सरकार बरं.

तो वाईट माणूस होता असंही नाही. पॉम्पीने काम केलं. लाचलुचपतीविरुद्ध कडक कायदा आणला, खटले झटपट चालवले, चौकात सैनिक उभे करून मायलोला शिक्षा होईल हे पाहिलं. ऑगस्टमध्ये एक सहकारी कॉन्सलही घेतला. तो त्याचा सासरा होता. दरम्यान स्वतःच्या स्पेनच्या सुभेदारीची मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली. उमेदवाराने प्रत्यक्ष हजर राहून अर्ज भरावा असा कायदा केला आणि नंतर त्यात सीझरसाठी सूट घुसवली. कायदा मांडणाराही तो, सूट देणाराही तो. विचारायला शेजारी कोणी नव्हतं. त्या वर्षी रोममध्ये एखाद्या दुकानदाराला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, काय अडलंय?

आता नाशिकला येऊ.

2017 मध्ये निवडून आलेल्या 122 नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. राज्यघटना याबाबतीत जराही मोघम नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 243-यू सांगतो की नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ही मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. महापालिका मध्येच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत. रोमच्या हुकूमशहाचे सहा महिने आणि हे सहा महिने सारखे निघाले हा योगायोग, पण शहाणपण एकच आहे: अपवादाला तारीख हवी.

मग काय झालं? मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या पूर्ण करायला सांगितल्या. प्रश्न खरा होता. पिढ्यान् पिढ्या बाहेर राहिलेल्या समाजांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता, आणि त्याला मी सबब म्हणणार नाही. सबब त्याच्या आडून आली. मार्च 2022 मध्ये प्रभाग रचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारा कायदा झाला, सत्ताधारी महाविकास आघाडी आणि विरोधक यांच्या संमतीने. नाशिकच्या जागा 122 वरून 133 होणार होत्या, प्रभाग तीन सदस्यांचे होणार होते. जून-जुलैत सरकार बदललं. 20 जुलै 2022 ला न्यायालयाने बांठिया आयोगाच्या अहवालानुसार ओबीसी आरक्षणासह निवडणुका घ्यायला मोकळीक दिली. म्हणजे दार उघडलं होतं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभाग रचना पुन्हा 2017 सारखी करायचा निर्णय घेतला, 133 चे परत 122. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात ‘जैसे थे’चा आदेश आला. पुढची पावणेतीन वर्षं ते जैसे थे तसंच राहिलं. 6 मे 2025 ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवली, आणि अखेरची मुदत पंधरा दिवसांवर असताना मतदान झालं.

यात एक खलनायक शोधून दाखवा. सापडणार नाही. एका सरकारने रचना बदलली, दुसऱ्याने ती उलटवली, कोणी याचिका केली, कोणी तारीख मागितली, तारीख पडली. प्रत्येक पाऊल कायदेशीर. आणि मला खात्री आहे, या काळात सत्तेत राहिलेल्या एकाही पक्षाची त्यामुळे झोप उडाली नाही. महापालिकेवर आपल्या मंत्रालयातून नेमलेला अधिकारी बसलेला असताना 122 लोकांची मनधरणी कोणाला करायची आहे?

आपण तेव्हा काय करत होतो? मार्चमध्ये शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनातलं सभागृह रिकामं झालं आणि जूनमध्ये आपण सगळे गुवाहाटीच्या हॉटेलातली झाडी आणि डोंगार पाहत होतो. रुबिकॉन, ब्रूटस, खंजीर! आपली नदी कधीच ओलांडून झाली होती आणि तिच्या काठावर एकही कॅमेरा नव्हता.

नाशिक एकटं नव्हतं, हे तर आणखी वाईट. मुंबईची मुदतही मार्च 2022 लाच संपली. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांची तर 2020 मध्येच. तिथे लोकप्रतिनिधींशिवायचा काळ पाच वर्षांच्या पूर्ण मुदतीपेक्षा मोठा झाला. आणि जानेवारीत आम्ही शहरवाले बोटाला शाई लावून मिरवत होतो तेव्हा नाशिक जिल्हा परिषदेवर प्रशासकच होता. शहराबाहेरच्या नाशिककराला तेवढाही फोटो काढता आला नाही.

आपल्याला तर या आजाराची सवय जुनी आहे. नाशिक महापालिका स्थापन झाली नोव्हेंबर 1982 मध्ये आणि तिची पहिली निवडणूक झाली 1992 मध्ये. पहिली दहा वर्षं हे शहर प्रशासकांनीच चालवलं. मग आलेली तीस वर्षं मधली सुट्टी होती की काय, असं वाटावं.

या चार वर्षांत शहरातल्या फलकांनी मात्र कमाल केली. दर चौकात ‘माजी नगरसेवक’ दिवाळीच्या शुभेच्छा देत होते आणि शेजारच्या खांबावरून ‘भावी नगरसेवक’ हात जोडत होते. आजी-माजी असा जोडशब्द आपण वापरतो. शहरात माजी होते, भावी होते, आजी कोणी नव्हता.

आता मित्राचा प्रश्न. काय अडलं?

त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण बराच काळ ती माझीही होती. रस्त्यावरचा दिवा बंद, ॲपवर तक्रार टाकली, दोन दिवसांत दिवा लागला, ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला. मध्ये कोणी भाऊ नाही, दादा नाही, ऑफिसात चकरा नाहीत. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, ठेकेदार मेहुणा आणि वाढदिवसाचा डीजे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिकलेला, परीक्षा पास झालेला, दोन-तीन वर्षांत बदली होणारा आयएएस अधिकारी त्यापेक्षा बरा नाही का?

माझा रोजचा धंदा तिकिटं बंद करण्याचा आहे. ग्राहकाने तक्रार टाकली, मी दुरुस्त केली, तिकीट बंद. हे काम चांगलं झालं पाहिजे, त्यात वाद नाही. पण माझ्या कंपनीत पुढच्या वर्षी काय बांधायचं आणि काय बांधायचं नाही हे तिकिटांवरून ठरत नाही. ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या लोकांच्या भांडणातून ठरतं. बंद दिव्याचं तिकीट असतं. ‘हे पैसे या रस्त्यावर नको, त्या वस्तीतल्या गटारावर घाला’ याचं तिकीट नसतं. त्याला भांडण लागतं आणि भांडायला दुसऱ्या बाजूला माणूस लागतो.

दुसरी गोष्ट, हीसुद्धा धंद्यातलीच. मी लिहिलेला कोड मी स्वतः मंजूर करू शकत नाही. कितीही हुशार असलो तरी. दुसऱ्या कोणीतरी वाचून होकार दिल्याशिवाय तो पुढे जात नाही. तो दुसरा माझ्यापेक्षा हुशार असतो म्हणून हा नियम नाही. कित्येकदा तो माझ्यापेक्षा कच्चा असतो आणि उगाच शंका काढतो. तरी नियम आहे, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे या धंद्याने महागात शिकून घेतलंय. आता महापालिकेचं अंदाजपत्रक घ्या. एरवी आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात बदल करते, मग ते महासभेपुढे जातं, तिथे पुन्हा बदल होतात. प्रशासकाच्या काळात आयुक्त हेच प्रशासक आणि स्थायी समिती व महासभा यांचे अधिकारही त्यांच्याचकडे. म्हणजे मांडणारे तेच, छाननी करणारे तेच, मंजूर करणारे तेच. एकटा कॉन्सल! त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खुर्च्या तीन होत्या आणि माणूस एक होता, एवढंच म्हणणं आहे.

तिसरी गोष्ट तपोवनाची. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तपोवनातल्या अठराशेच्या आसपास झाडांचा प्रश्न 2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुढे आला. शहर अक्षरशः रस्त्यावर उतरलं. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडांचा 1975 चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणात आयुक्त अध्यक्ष असतात आणि नगरसेवक सदस्य. नगरसेवकच नसतील तर? झाडं हटवू पाहणारी महापालिका, आणि त्यावर निर्णय घेणाऱ्या प्राधिकरणात लोकांनी निवडलेला एकही माणूस नाही. मित्र म्हणेल, असते तरी काय केलं असतं? हात वर करून मोकळे झाले असते. शक्य आहे. अगदी शक्य आहे. पण हात दिसले असते. कोणाचा वर गेला, कोणाचा खाली राहिला, कोण नेमका त्या दिवशी लग्नाला गेला, हे सगळं दिसलं असतं आणि दोन महिन्यांनी मतदान केंद्रात आम्हाला आठवलं असतं. इतक्या माणसांनी तपोवनात उभं राहून घोषणा दिल्या, पण त्या घोषणा ऐकून ज्याची खुर्ची हलेल असा माणूसच शहरात नव्हता. अधिकाऱ्याची फार तर बदली होते. ती मतदार करत नाही.

नगरसेवक भ्रष्ट असतात म्हणून नगरसेवकच नकोत, हा युक्तिवाद रोममध्येही झाला होता. इ.स.पू. 54 चे उमेदवार भ्रष्टच होते, व्याजदर हलवण्याइतके. त्यावर उपाय म्हणून आलेला एकटा कॉन्सल त्यांच्यापेक्षा नक्कीच कार्यक्षम होता. पण भ्रष्ट माणूस बदलायची सोय ज्या निवडणुकीत होती तीच लांबणीवर पडली, आणि लांबली म्हणून काही बिघडत नाही हे लोकांच्या अंगवळणी पडलं. तीन वर्षांनी सीझर सैन्य घेऊन आला तेव्हा त्याने असं काय मोडलं, जे लोकांना आपलं वाटत होतं? अधिकाराची मुदत संपते ही कल्पना पॉम्पीसाठी वाकवून झाली होतीच. सीझरने ती पुढे ओढली. इ.स.पू. 44 च्या फेब्रुवारीत तो तहहयात हुकूमशहा झाला. सहा महिन्यांचं पद आता आयुष्यभराचं.

या गोष्टीचा शेवट मला खुनापेक्षा जास्त भयंकर वाटतो. सीझरच्या वतीने इ.स.पू. 54 मध्येच, म्हणजे त्या व्याजदराच्या वर्षीच, मतदानासाठी एक संगमरवरी आवार बांधायची योजना आखली गेली होती. लांबच लांब स्तंभ, छपराखाली मतदारांच्या रांगा. ते बांधून पूर्ण व्हायला इ.स.पू. 26 उजाडलं. तोवर ऑगस्टस आला होता. त्याने कॉन्सल ठेवले, सिनेट ठेवली, निवडणुकाही ठेवल्या. प्रजासत्ताक आपण परत दिलं असंच तो सांगायचा. इ.स.पू. 22 मध्ये धान्यटंचाई झाली तेव्हा लोकांनीच सिनेटला वेढा घालून त्याला हुकूमशहा करा म्हणून गोंधळ घातला. त्यालाच नको म्हणावं लागलं! आणि इ.स. 14 मध्ये, टायबीरियसच्या काळात, अधिकाऱ्यांच्या निवडणुका लोकांकडून काढून सिनेटकडे दिल्या गेल्या. टॅसिटस लिहितो की लोकांनी यावर थोडी पोकळ कुरकुर केली, बाकी काही नाही. रोममधली मतदानासाठी बांधलेली सर्वांत देखणी वास्तू तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांची होती. तिथे ग्लॅडिएटरांचे खेळ होत. काही अडलं नाही.

नाशिकचं रोम होईल असं मी म्हणत नाही. आपल्याकडे न्यायालय होतं, त्याने शेवटी तारीख दिली, आणि सभागृह पुन्हा भरलं. म्हणूनच आत्ता बोलायचं. चटका ताजा असताना.

मागण्या दोनच आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत. पहिली: मुदत संपायच्या दिवशी प्रभागांची जी जुनी, न्यायालयात न अडकलेली रचना असेल तिच्यावरच निवडणूक व्हावी. नव्या रचनेवर सरकारांचं आणि न्यायालयांचं एकमत होईल तेव्हा ती पुढच्या खेपेला लागू करा. नकाशाच्या भांडणात मतदार ओलीस राहता कामा नये. दुसरी: प्रशासक नेमावाच लागला तर सहा महिने, आणि त्या काळात पगार, पाणी, कचरा, औषधं एवढंच. नवे मोठे ठेके नाहीत, विकास आराखड्यात बदल नाहीत, शेकडो झाडांचे निर्णय नाहीत. काळजीवाहू माणसाने घराची काळजी वाहावी, भिंती पाडू नयेत. यामुळे कामं खोळंबतील, बरोबर. खोळंबू द्या. कामं खोळंबली की सत्तेतल्या पक्षालाच निवडणुकीची घाई होईल. गेली चार वर्षं नेमकी तीच घाई नव्हती, कारण काहीच खोळंबत नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. ती आपल्या मिसळीच्या टेबलावरची आहे. ‘काय अडलं’ या प्रश्नाला हसणं बंद करू. मित्रा, तुझं आणि माझं काही अडलं नाही, कारण आपलं घर सोसायटीत आहे, पाणी कमी आलं तर टँकर बोलावता येतो, रस्ता खराब असला तर गाडीला सस्पेन्शन आहे आणि तक्रार करायला फोन हातात आहे. ज्यांचं अडलं, त्यांच्याकडे ॲप नव्हतं. त्यांच्याकडे गल्लीतला एक माणूस असायचा. भ्रष्ट असेल, उर्मट असेल, पण दर पाच वर्षांनी त्याला त्यांच्या दारात यावं लागायचं. चार वर्षं त्यांच्या दारात कोणी आलं नाही, आणि आपल्याला ते कळलंसुद्धा नाही.